शेपटीचा हिशेब

"बॅटरी दोन सेंटिमीटर पुढे घे," असं मी म्हणालो आणि तिथेच चुकलो.

पानशेतच्या बॅकवॉटरला डिसेंबरातली सकाळ होती. पाण्यावर सुरकुतीसुद्धा नव्हती. चार विद्यार्थ्यांनी महिनाभर खपून थर्माकोलसारख्या डेप्रॉनच्या शीटमधून एक मॉडेल कापलं होतं. मधोमध रुंद, आखूड पंख, मागे छोटी शेपटी, वर खांबावर मोटर. पाण्याला लागून, वीतभर उंचीवरून सुसाट जायचं, असा बेत. रिमोटवर मोटर वाढवली, मॉडेल पाणी सोडून वर आलं, आणि दहा-बारा मीटर असं काही गेलं की काठावर शिट्ट्या वाजल्या. मग ते किंचित वर चढलं. नाक अजून वर. आणखी वर. शेवटी पोट आकाशाला दाखवून ते पाठीवर आपटलं.

मॉडेल विमानं उडवलेल्या कुणालाही विचारा, तो सांगेल की नाक उचलतंय म्हणजे मागे वजन जास्त झालंय, बॅटरी पुढे सरकव. आम्हीही तेच केलं. दोन सेंटिमीटर, मग चार. मग जागा संपली, म्हणून जाळ्याला लावतात ती शिशाची वजनं नाकात चिकटवली. फरक पडला तो इतकाच, की मॉडेल आता उलटायला जरा जास्त वेळ घ्यायचं, किंवा उलटण्याऐवजी नाक पाण्यात खुपसायचं. अकराच्या सुमारास वारा सुटला आणि आम्ही सामान आवरलं. संध्याकाळी त्या चौघांतली सगळ्यात कमी बोलणारी मुलगी एक कागद घेऊन आली. त्यावर चार ओळींचं गणित होतं. म्हणाली, "सर, शेवटच्या ओळीत बॅटरीची जागा उरतच नाही."

खरंच उरत नव्हती. या लेखात मला जे म्हणायचंय ते जवळजवळ सगळं त्या शेवटच्या ओळीत आहे. पाण्यालगत उडणाऱ्या छोट्या यानाचं स्थैर्य ही नंतर वजन सरकवून, पायलटला शिकवून किंवा संगणक बसवून आणायची गोष्ट नाही. ते पहिल्या रेघेतच असावं लागतं. नसेल तर बाकीचं कौशल्य वाया जातं. ही यानं बनवू पाहणारी हौशी मंडळी आणि त्यांत पैसे घालणारे लोक आधी वेग आणि इंजिन बघतात, म्हणून हे लिहितोय.

टेबलावरून निसटलेला कागद बघा. सरळ खाली येतो, पण गुळगुळीत फरशीच्या अगदी जवळ पोचला की पडायचं विसरतो आणि घसरत घसरत थेट कपाटाखाली जातो. कागद आणि फरशी यांच्यामधली हवा पटकन बाहेर पडू शकत नाही, तिची गादी होते. पंखाचंही तसंच. शिवाय मोकळ्या आकाशात पंखाच्या टोकांवरून खालची हवा वर वळते, भोवरे तयार होतात आणि त्यांच्यापायी ओढ वाढते. जमीन किंवा पाणी जवळ असलं की या भोवऱ्यांना फैलावायला जागा मिळत नाही. म्हणजे उचल जास्त आणि ओढ कमी. यालाच ग्राउंड इफेक्ट म्हणतात. पाणकावळे लांब जायचं असलं की पाण्याला चिकटून उडतात, ते उगाच नाही. विमान उतरताना धावपट्टीवर टेकायच्या ऐवजी क्षणभर तरंगल्यासारखं होतं, तेही याच्याचमुळे.

पण तो कागद पुन्हा एकदा टाकून बघा. दरवेळी तो कपाटाखाली जात नाही. बऱ्याचदा पुढची कड जराशी उचलली जाते आणि कागद उलटा होतो. आमच्या मॉडेलचं जे झालं ते नेमकं हेच.

आता ते गणित. नेहमीच्या विमानाच्या पंखावर एकच जागा महत्त्वाची असते. नाक जरा वर केलं, म्हणजे पंखाचा कोन वाढला, की जी जास्तीची उचल येते ती पंखाच्या एका ठरावीक जागी येते असं धरता येतं. तिला आपण कोन-केंद्र म्हणू. मोकळ्या हवेत हे साधारण पंखाच्या रुंदीच्या, म्हणजे पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंतच्या अंतराच्या, पुढच्या पाव भागावर असतं. विमानाचा गुरुत्वमध्य त्याच्या पुढे ठेवला की नाक आपोआप जागेवर येतं. मॉडेलवाल्यांचा बॅटरी पुढे सरकवायचा मंत्र इथूनच आलेला. पाण्याजवळ मात्र उचल दोन कारणांनी बदलते: कोनाने आणि उंचीने. कोन तसाच ठेवून यान जरा वर गेलं तर उचल घटते, आणि ही घट दुसऱ्याच एका जागी होते. ते उंची-केंद्र.

एका झुळकीने यान थोडं वर उचललं गेलं असं समजा. उचल कमी झाली. ही घट जर मागच्या बाजूला झाली, तर मागचा भाग बसतो आणि नाक वर होतं. नाक वर झालं की कोन वाढतो, उचल वाढते, यान आणखी वर जातं. आणखी वर गेलं की मागचा भाग आणखी बसतो. तेच पुढच्या बाजूला झालं तर नाक किंचित खाली येतं आणि यान स्वतःहून मूळ उंचीवर परततं. हिशेब नीट मांडला तर अट निघते ती एवढीच, की उंची-केंद्र हे कोन-केंद्राच्या पुढे असलं पाहिजे. रशियात इरोदोव्हने १९७० साली ही अट मांडली, जर्मनीत आखेनच्या स्टाउफेनबीलने पुढच्या काळात ती आणखी तपासली. या अटीत गुरुत्वमध्य नाही. तो पुढे ठेवून कोनाचं स्थैर्य मिळतं, तेही लागतंच, पण उंचीचं स्थैर्य त्याने विकत घेता येत नाही. नुसत्या सपाट पंखाला तर ही अट पाळणं जमतच नाही, त्याचं उंची-केंद्र मागे पडतं.

मग उपाय काय? कोन-केंद्रच मागे ढकलायचं. त्यासाठी मागे मोठी शेपटी लागते, आणि ती उंचावर लागते. पाण्यापासून लांब असलेल्या शेपटीला कोन बदललेला कळतो, पण यान हातभर वर गेलं की खाली ते तिच्या गावीही नसतं. त्यामुळे ती कोन-केंद्र मागे ओढते आणि उंची-केंद्राला मात्र जवळजवळ हात लावत नाही. हीच शेपटी खाली पंखाच्या पातळीला लावली तर दोन्ही केंद्रं एकत्र मागे जातात आणि सगळा खटाटोप फुकट जातो. आमची शेपटी छोटी होती आणि खाली होती. एकाच मॉडेलमध्ये दोन्ही चुका.

रोस्तिस्लाव अलेक्सेयेव्हला याची पुरती जाण होती. व्होल्गाकाठच्या गोर्की शहरातला हा माणूस मुळात हायड्रोफॉइल बोटींचा. त्याच्या संस्थेचं 'केएम' हे यान १९६६ साली कॅस्पियन समुद्रावर उडालं. अमेरिकी उपग्रहांच्या छायाचित्रांत ते दिसल्यावर तिकडच्यांनी त्याला कॅस्पियनचा राक्षस ठरवून टाकलं. लांबी ९२ मीटर, वजन ५४४ टनांपर्यंत, दहा जेट इंजिनं. लोक या आकड्यांनी दिपतात. मला त्यातला वेगळाच आकडा मोलाचा वाटतो. मुख्य पंखाचा विस्तार होता ३७.६ मीटर आणि आडव्या शेपटीचा ३७ मीटर. आपण मुंबईहून दिल्लीला ज्या बोइंग ७३७ ने जातो तिच्या पंखांच्या या टोकापासून त्या टोकापर्यंतचं अंतर ३६ मीटरांच्या आत भरतं. म्हणजे अख्ख्या प्रवासी विमानाच्या पंखाहून मोठी नुसती शेपटी, तीही उंच खांबावर. कुणी हौसेने बांधेल अशी ही वस्तू नाही. स्थैर्याची किंमत किती असते ते त्यातून कळतं.

अलेक्सेयेव्हचीच एक गोष्ट या संदर्भात नेहमी सांगतात. सत्तरच्या दशकाच्या मध्याला 'ऑर्ल्योनोक' या यानाची चाचणी चालू असताना ते पाण्यावर आपटलं आणि शेपटीसकट मागचा भाग तुटून गेला. आत बसलेल्या अलेक्सेयेव्हने स्वतः नियंत्रण हाती घेतलं, पुढच्या इंजिनांना पूर्ण जोर दिला आणि उरलेलं यान किनाऱ्याला आणलं. बिनशेपटीचं यानही घरी आलं, असा याचा अर्थ काही लोक काढतात. तसं नाही. ते उडत आलं नाही. पुढच्या इंजिनांचा झोत पंखाखाली कोंडून, पाण्यावर घसरत आलं. शेपटी गेल्यावर त्याने उडायचा विचारही केला नाही, यातच त्याची जाण दिसते. या अपघातानंतर त्याला पदावरून खाली आणलं गेलं, हा भाग वेगळा.

शेपटी लहान ठेवायची तर पंखच शहाणा करावा लागतो. ही वाट अलेक्झांडर लिपिशची. दुसऱ्या महायुद्धातल्या रॉकेटवर चालणाऱ्या लढाऊ विमानाचा हा रचनाकार पुढे अमेरिकेत गेला आणि १९६३ साली त्याचं एक्स-११२ पाण्यावर उडालं. त्याने त्रिकोणी पंख उलटा लावला. पुढची कड सरळ, मागची कड टोकांकडे पुढे येत गेलेली, आणि टोकं पाण्याकडे झुकलेली. असा पंख पाण्याजवळ आला तरी त्याची केंद्रं फारशी भटकत नाहीत, म्हणून शेपटी आटोक्यात राहते. पुढे जर्मनीत एक्स-११३ आणि सहा आसनी एक्स-११४ झालं, आणि हानो फिशरने तीच रेघ एअरफिशपर्यंत नेली. सिंगापूरला वाढलेलं आठ-दहा माणसांचं एअरफिश-८ मोटारीच्या व्ही-८ इंजिनावर चालतं. छोटं यान करायचं असेल तर मी लिपिशच्या बाजूने आहे, हे आधीच सांगून टाकतो. पंखाच्या खालच्या बाजूला मागे किंचित उलटा बाक देऊन केंद्रं जागेवर आणायचीही युक्ती आहे, पण त्यात थोडी उचल गमवावी लागते.

छोटं यान म्हणजे मोठ्याची सोपी आवृत्ती, हा गैरसमज इथे फार महागात पडतो. ग्राउंड इफेक्टचा खरा फायदा पंखाच्या रुंदीच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास उडताना मिळतो. पंख पंधरा मीटर रुंद असेल तर ही उंची दीड मीटर. दोन मीटर रुंद असेल तर वीस सेंटिमीटर. यान लहान केलं म्हणून लाट लहान होत नाही. कोकणात सकाळी मतलई वाहत असते तोवर खाडीचं पाणी झोपलेलं असतं. दुपारी खारे वारे सुरू झाले की त्याच खाडीत सहज फूटभर लाट उठते. वीस सेंटिमीटरवर उडायला बांधलेलं यान तिथे काय करणार? वर जाणार. वर गेलं की फायदा गेला, आणि ज्या उंचीसाठी शेपटीचा हिशेब केला होता ती उंचीही गेली. म्हणून छोट्या यानाचं स्थैर्य एका उंचीला तपासून भागत नाही. पाण्याला लागून, मग अर्ध्या रुंदीवर, मग पूर्ण मोकळ्या हवेत, अशा प्रत्येक पायरीवर दोन्ही केंद्रं कुठे जातात ते काढावं लागतं. बहुतेक हौशी रेखाटनांत हा तक्ता नसतोच.

इंजिनाची जागा ही तर छोट्या यानातली लपलेली खोड. पाण्याचे फवारे पंख्यात जाऊ नयेत म्हणून इंजिन उंच खांबावर बसवतात. त्यामुळे त्याचा जोर गुरुत्वमध्याच्या वरून लागतो. जोर दिला की नाक खाली दबतं, काढला की नाक वर येतं. आता प्रसंग डोळ्यांसमोर आणा. यान जरा जास्तच वर चढलंय, पुढे बोट दिसते, चालवणारा घाबरतो. घाबरलेला माणूस काय करतो? मोटारीत करतो तेच, इंजिनाचा जोर काढून घेतो. आणि नेमक्या त्या क्षणी यान नाक वर करतं. पाण्यावरच्या वेगाचे विक्रम करणाऱ्या डोनाल्ड कॅम्पबेलची ब्लूबर्ड के-७ ही बोट होती, विमान नव्हे. पण ४ जानेवारी १९६७ रोजी इंग्लंडमधल्या कॉनिस्टन तलावावर ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास धावताना तिचं नाक हवेत उचललं गेलं, ती मागे उलटली आणि कॅम्पबेल गेला. इंजिनाचा जोर अचानक तुटला, हेही तिच्या उलटण्याचं एक कारण मानतात. तलावातली ब्लूबर्ड आणि पानशेतचं आमचं थर्माकोलचं खेळणं यांची जात एकच.

वळणाचं थोडक्यात सांगतो, कारण ते गणित कुणालाही घरी करता येईल. विस्तार दहा मीटर, उंची अर्धा मीटर. पाच मीटरच्या एका बाजूचं टोक पाण्याला लागू द्यायचं नाही, तर यान जेमतेम पावणेसहा अंश कलू शकतं. ताशी दीडशे किलोमीटर वेगाला एवढ्या कलण्याने जे वळण मिळतं त्याची त्रिज्या पावणेदोन किलोमीटर भरते. कोकणातल्या बहुतेक खाड्यांत असं वळण बसायचं नाही. आणि खाडीत डोलजाळ्यांचे खुंट असतात, होड्या असतात, वाहून आलेलं लाकूड असतं. घट्ट वळायचं तर वर जावं लागतं, म्हणजे पुन्हा उंची बदलण्याचा तोच प्रश्न. एक मात्र मान्य करायला हवं, की आडव्या डोलण्याच्या बाबतीत पाणी यानाला मदत करतं. जो पंख खाली झुकतो त्याला जास्त उचल मिळते आणि तो वर ढकलला जातो.

आता समोरून येणारा सगळ्यात जोरकस मुद्दा. हे सगळं संगणकाआधीच्या काळातलं झालं, असं तरुण अभियंते म्हणतात, आणि ते काही वावगं बोलत नाहीत. आपलं तेजस बघा. ४ जानेवारी २००१ रोजी पहिल्यांदा उडालेलं हे विमान मुद्दाम अस्थिर ठेवलेलं आहे. चार-चार संगणकवाहिन्या सेकंदाला कितीतरी वेळा त्याला सावरतात, आणि त्या अस्थिरतेतूनच त्याला चपळाई मिळते. अमेरिकेतल्या र्‍होड आयलंडच्या रीजेंट कंपनीने २०२२ मध्ये विजेवरच्या यानाचं पाव आकाराचं मॉडेल आधी तरंगवलं, मग हायड्रोफॉइलवर चालवलं, मग उडवलं. त्यांचाही भर संगणकीय नियंत्रणावर आहे. मग शेपटीचं एवढं कौतुक कशाला?

कारण तेजसच्या खाली हजारो फूट हवा असते. चूक झाली तर सावरायला जागा आहे. अर्ध्या मीटरवरून सेकंदाला एक मीटर या वेगाने खाली येणाऱ्या यानाला पाण्याला लागायला अर्धा सेकंद मिळतो, आणि तेवढ्यात ते वीस मीटर पुढे गेलेलं असतं. दुसरं असं, की संगणकाला उंची नेमकी कळावी लागते. खाली लाटा असताना उंची कुठून मोजायची, लाटेच्या माथ्यापासून की पोटापासून? सरासरी काढली तर आकडा उशिरा मिळतो, न काढली तर संगणक प्रत्येक लाटेमागे धावत सुटतो. आणि तिसरं, माझ्या मते सगळ्यात मोठं: संगणक शेवटी जे करतो ते शेपटीच्याच हातून. शेपटी अपुरी असेल तर हुकूम कितीही शहाणा असो, तो पाळायला बळ नसतं. मंगळसूत्र चुकीच्या जागी बांधलेला पतंग कसलेला पतंगबाजही फार वेळ आकाशात ठेवू शकत नाही, दर ढीलीला तो गोते खातो. मी संगणकाच्या विरोधात नाही. स्थिर यानावर तो बसवा, यान मऊ चालेल, चालवणारा कमी थकेल. अस्थिर यान त्याच्या भरवशावर प्रवाशांसकट पाण्यालगत सोडायला माझी तयारी नाही.

जास्त स्थैर्य म्हणजे जास्त हट्टीपणा, हा आक्षेपही खरा आहे. मोठी शेपटी असलेलं यान आपली उंची सोडायला तयार होत नाही. त्याला वर न्यायचं तर इंजिनाचा जोर वाढवावा लागतो, नुसतं नाक उचलून काम होत नाही. पण हा दोष कुणासाठी? आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने या यानांचे तीन वर्ग केलेत. 'ए' फक्त ग्राउंड इफेक्टमध्ये चालणारी. 'बी' अडथळा ओलांडण्यापुरती वर जाणारी, तेही १५० मीटरच्या आत. 'सी' त्याहून वर जाऊ शकणारी, म्हणजे एकूण विमानच. छोट्या यानांचे निर्माते 'ए' वर्गाचं साधेपण आणि 'बी' वर्गाची उडी, दोन्ही एकाच वेळी विकू बघतात. "बोट चालवता येते ना, मग हेही येईल," असं सांगतात. सरळ जाताना येईलही. पण पुढे होडी आडवी आल्यावर जी उडी मारायची ती बोटीच्या तांडेलाची नव्हे, वैमानिकाची आहे, आणि यानाची सगळी लक्षणं त्याच दोन-चार सेकंदांत बदलतात. हट्टी यान त्या क्षणी माणसाला वाचवतं. चपळ यान त्याच्याकडून कौशल्य मागतं, आणि ते त्याच्याजवळ नसतं.

आमच्या मॉडेलचं पुढे असं झालं. त्या मुलीने शेपटीचं क्षेत्रफळ दुपटीहून जास्त केलं आणि ती उभ्या फिनच्या अगदी माथ्यावर नेली. नाकातलं शिसं बरंचसं काढून टाकलं, बॅटरी जवळजवळ मूळ जागी परत गेली. मॉडेल दिसायला बेढब झालं, शेपटीच जास्त. बाकीचे तिघे हसले. जानेवारीत पुन्हा पानशेतला गेलो. मोटर वाढवली, ते वर आलं, वीतभर उंचीवर थांबलं आणि रिमोटच्या काड्यांना हात न लावता सरळ निघालं. मधे एका बोटीची जुनी लाट लागली, तेव्हा जरा वर गेलं आणि आपणहून खाली आलं. वेग मात्र पहिल्यापेक्षा कमी होता.

तेव्हा पाण्यावरून भन्नाट जाणाऱ्या एखाद्या नव्या यानाचा व्हिडिओ कुणी तुम्हाला दाखवला, किंवा त्यात पैसे घालायला सांगितलं, तर त्याचा वेग विचारू नका. शेपटी केवढी आहे आणि कुठे बसवलीय ते बघा. आणि वारा सुटलेल्या दुपारचा व्हिडिओ मागा.